लक्ष्मीबाई टिळक यांच्या खिन्नतेचा काळ

सातारा व कराड यांच्या दरम्यान, कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावर उंब्रज हे गाव आहे. तेथील मठात समर्थ रामदासांनी स्थापिलेला मारुती आहे, आणि चाफळाहून समर्थ तेथे कृष्णास्नानास येत असत ही आख्यायिका या भागातील लहानथोरांच्या तोंडी आहे. समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचिले. ते आमच्या पुष्कळ वाचकांनी शाळेत असताना पाठ केले असतील. मनाशी बोलावे, मनाची समजूत घालावी, ही गोष्ट आमच्या खेड्यापाड्यांतील लोकांस मुळीच नवी नाही. परंतु हात मोडावा किंवा डोळे यावेत तसे मनही आजारी पडते, आणि मग केवळ समजूत घालून ते उठत नाही, ही गोष्ट मात्र आमच्या मंडळ्यांत अजून पुरतेपणी कळलेली नाही. आम्हांस स्वतःस ती फार उशिरा कळली.

काही वर्षांपूर्वी आम्ही उंब्रजेजवळच्या एका वाडीत भजनासाठी गेलो होतो. तेथील एक तरुण बाई बाहेर आली नाही. तिला मूल होऊन चार महिने झाले होते. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवण नको, झोप नाही, मुलास जवळ घेण्याची इच्छा नाही, आणि आपण या घराला भार झालो आहोत हाच एक विचार तिच्या मनात घोळत होता. आम्ही तिजजवळ बसून विश्वास व प्रार्थना यांवर चांगला पाऊण तास बोललो. देवाने दिलेल्या मुलाबद्दल उपकार मानावेत असेही सांगितले. तिने मान हालविली. आपण मोठे काम केले अशा समाधानात आम्ही परतलो. प्रत्यक्षात आम्ही त्या बाईच्या उरावर आणखी एक धोंडा ठेवून आलो होतो, कारण आता आपला विश्वासही खोटा आहे असे तिला वाटू लागले. तिचे पुढे काय झाले ते शेवटी येईल. त्या दिवसानंतर आम्ही लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र पुन्हा वाचले, आणि पूर्वी ज्या पानांवरून आमची नजर सहज निसटून गेली होती त्या पानांवर या वेळी थांबलो.

लक्ष्मीबाईंचे नाव मराठी ख्रिस्ती माणसास सांगावयास नको. कविवर्य नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी. सातारा जिल्ह्यातील मंडळ्यांशी या कुटुंबाचे नाते आहे, कारण १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून सातारा येथे देवाचा दरबार स्थापन केला, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंसही त्यात जागा दिली. पण आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याच्या बावीस वर्षे आधीचे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. त्यांच्या जन्मापूर्वी १८५७ च्या बंडात घराण्यातील एका वडीलधाऱ्या माणसास फाशी झाली होती. त्या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा आघात झाला की ते सोवळ्याच्या विलक्षण नादास लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे. स्पर्शाचा संशय आला की पुन्हा स्नान, पुन्हा धुणे, आणि या साऱ्याची झळ बायकामुलांस. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी यास धर्मनिष्ठा म्हटले असेल, कोणी विक्षिप्तपणा म्हटले असेल. आजचा डॉक्टर कदाचित यास मनाचा एक आजार म्हणेल, ज्यात तोच तो विचार माणसास सोडीत नाही व तीच ती कृती त्याजकडून करवून घेतो. भीती व शोक यांना वाट मिळाली नाही म्हणजे ती दुसऱ्याच रूपाने घरात येऊन बसतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी या वडिलांचे वर्णन लिहिले तेव्हा वाचणारा हसल्याशिवाय राहत नाही, आणि हसता हसता त्या लेकरांची त्यास कीव येते. ज्या घरात मन आजारी आहे पण त्या आजारास नाव नाही, अशा घरात ही मुलगी वाढली.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे लग्न झाले. टिळक मोठे बुद्धिमान, मोठे उदार आणि तितकेच लहरी. हातात आलेला पैसा ते दुसऱ्यास देऊन टाकीत. राग आला की तो क्षणात भडके व क्षणात विझे. न सांगता घरातून निघून जाणे ही तर त्यांची नित्याची रीत. एक नोकरी सोडावी, दुसरी धरावी, एका गावचा संसार मोडून दुसऱ्या गावी मांडावा, असे कितीदा झाले. बाईंस अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्याच हातून. मुले झाली, त्यांपैकी काही अल्पवयातच दगावली. १८९१ साली देवदत्त ऊर्फ दत्तू जन्मला व तो जगला. टिळकांवर आमची भक्ती आहे. परंतु त्यांच्या पत्नीचे चरित्र लिहिताना हे झाकून ठेवावे असे आम्हांस वाटत नाही, कारण पुढे जे झाले त्याची अर्धी कारणे या वर्षांत आहेत. माणूस एका घावाने क्वचितच कोसळतो. आधीची घळ पडलेली असते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी बाई त्यांच्याजवळ नव्हत्या, आपल्या माणसांत होत्या. बातमी आली, आणि सव्वीस वर्षांच्या त्या बाईचे जग एका दिवसात नाहीसे झाले. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात ही स्थिती काय होती याची आजच्या वाचकाने कल्पना करावी. नवरा जिवंत आहे, म्हणून ती विधवा नाही. पण तो जातीबाहेर गेला, म्हणून तिला संसारही नाही. मेलेल्या माणसासाठी रडावयास लोक येतात, तेरा दिवस घर भरलेले असते, मग हळूहळू दुःखाची धार बोथट होते. या दुःखास ना सुतक, ना तेरावा, ना शेवट. बाईंची प्रकृती ढासळली. जवळच्या माणसांस त्यांच्या जिवाची धास्ती वाटू लागली. ज्या बाईच्या तोंडी जन्मभर विनोद होता तिला त्या दिवसांत आपण स्वतःसच परक्या वाटू लागलो असलो पाहिजे.

येथे क्षणभर चरित्र बाजूस ठेवतो. दुःख निराळे व खिन्नतेचा आजार निराळा, हे आमच्या उपदेशकबंधूंनी लक्षात घ्यावे. दुःखी माणूस रडतो, पण मधूनच नातवाच्या बोबड्या बोलाने हसतो. आजारी मनास हसू येत नाही आणि पुष्कळदा रडूही येत नाही. सारे रिकामे वाटते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली पडलेले, कशात गोडी नाही, झोप पहाटेच उडते किंवा दिवसभर उठवत नाही, भूक जाते, हातपाय जड होतात, लहानशी गोष्ट ठरविता येत नाही, आपण नालायक आहोत असे वाटते, आणि पुढे मरण बरे असे वाटू लागते, तर तो आजार समजावा. आमच्या खेड्यांत लोक हे नाव घेऊन सांगत नाहीत. जीव लागत नाही, डोके गच्च आहे, अंगात त्राण नाही, छातीत धडधडते, असे सांगतात, आणि मग अंगदुखीच्या गोळ्या खात बसतात. याची मुळे अनेक असतात. काही घराण्यांतून ही प्रकृती उतरते. बाळंतपणानंतर शरीरात होणारे बदल, लांबलेला आजार, दारू, कर्ज, मार, एकटेपण, जवळच्या माणसाचे जाणे, ही सारी त्यास हातभार लावतात. आळस किंवा पाप यांचा तो पुरावा नव्हे. लक्ष्मीबाईंस हाच आजार होता असे निदान शंभर वर्षांनंतर करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु त्यांनी ज्या दरीतून पावले टाकली ती याच मुलुखातली होती, एवढे निश्चित.

पुढची सुमारे पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. टिळक अहमदनगरास, बाई दत्तूसह बहिणीच्या कुटुंबाच्या आश्रयाने. त्यातील बराच काळ पंढरपुरास गेला. या काळातून त्या कशा तरल्या याचे एकच एक उत्तर देता येत नाही, आणि कोणी देऊ लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. पहिली गोष्ट, त्यांस एकटे टाकण्यात आले नाही. बहीण व मेहुणे यांनी छप्पर दिले, अन्न दिले, माणसे भोवती राहिली. या माणसांची मते टिळकांच्या विरुद्ध असतील, त्यांचे सर्वच बोलणे बाईंस सुखाचे झाले नसेल, तरी त्यांनी हात सोडला नाही. आम्ही ख्रिस्ती लोक ही गोष्ट सांगावयास विसरतो. त्या हिंदू घराने ही बाई जगविली, तेव्हा पुढे आम्हांस ती लाभली.

दुसरी गोष्ट, दत्तू. चार वर्षांच्या मुलास वेळेवर जेवू घालावे लागते, त्याचे अंग धुवावे लागते, तो आजारी पडला तर रात्री जागावे लागते. मनास उभे राहवत नसले तरी हातांस काम असते. यावरून मूल झाले की मन सुधारते असा अर्थ कोणी काढू नये. वाडीतल्या त्या बाईस मूल झाल्यावरच आजार जडला होता. परंतु ठरलेल्या वेळी ठरलेले लहान काम, ही आजारी मनास धरावयास मिळालेली एक दोरी असते, हे आजचे डॉक्टरही सांगतात. सगळा दिवस डोळ्यांपुढे आणला तर तो डोंगराएवढा दिसतो. चूल पेटविण्यापुरते उठावे, तेवढे साधते.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत नवलाची वाटते. याच काळात त्यांस कविता सुचू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याने शिकविलेल्या चार अक्षरांवर उभी असलेली बाई आपले दुःख ओव्या व पदे यांत घालू लागली. ती कविता थोर होती की नाही हा प्रश्न येथे नाही. आतल्या आत फिरणारे दुःख कागदावर आले म्हणजे त्यास कडा येतात, ते हाती धरता येते. जात्यावर बसणाऱ्या आमच्या आयाबायांस हे पूर्वीपासून ठाऊक होते. दळता दळता सासरचा जाच, मेलेला भाऊ, न झालेले मूल, सारे ओवीत येई, आणि ऐकावयास दुसरी दळणारी समोर असे. जाती गेली, गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले हे चांगलेच झाले, परंतु ती दुसरी दळणारीही त्याबरोबर समोरून उठून गेली. आता तिची जागा कोणी तरी घ्यावयास हवी.

टिळकांची पत्रे येत राहिली. राग, रुसवा, आशा, पुन्हा राग, असे चालले. शेवटी बाई नगरास गेल्या, पण आपले सोवळे घेऊन गेल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आपल्या मंडळीतील पुष्कळांस त्या वेळी ही गोष्ट रुचली नसेल. टिळकांनी मात्र येथे पूर्वी कधी न दाखविलेला धीर दाखविला, आणि घाई केली नाही. पुढे राहुरीस असताना बाईंनी जातिभेदावर आपल्या मनाशी विचार केला. सर्व माणसे एकाच रीतीने जन्मतात व एकाच रीतीने मरतात, मग हे भेद देवाने केलेले नसून माणसांनीच केले असले पाहिजेत, असे त्यांस दिसून आले. त्या विचारावर त्या आपल्याच पायांनी आल्या होत्या, म्हणून त्यावरून त्या कधी ढळल्या नाहीत. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

काही चरित्रकार येथे थांबतात व बाप्तिस्म्याबरोबर बाईंचे सारे दुःख धुऊन गेले असे लिहितात. आम्हांस हे पटत नाही, आणि ते लिहिणे धोक्याचे आहे. वाडीतल्या बाईने असे एखादे चरित्र वाचले, तर माझाही बाप्तिस्मा झाला आहे, मग माझेच का जात नाही, असे ती म्हणेल. लक्ष्मीबाईंस विश्वासाने बळ दिले यात शंका नाही. पण दुःखे पुढेही आली, आणि त्यांचे मनही पुन्हा पुन्हा खाली गेले असेल. फरक असा की आता त्यांचे घर माणसांनी भरलेले होते. नगरास प्लेगाने कहर केला तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. परक्यांची मुले त्यांनी आपल्या पंखाखाली घेतली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ त्यांच्याच घरी राहिले व बाईंनी त्यांस आईची माया दिली. फुलापाखरांची, श्रावणाची इतकी आनंदी गाणी लिहिणाऱ्या या तरुणाच्या कवितेत मधूनमधून केवढी गडद उदासी उतरते हे वाचकांस ठाऊक आहे. हसऱ्या चेहऱ्यावरून आतली ओळख पटत नाही. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले, वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईस देह ठेवला.

बाई पन्नास वर्षांच्या होत्या. टिळकांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य हाती घेतले होते व थोडे अध्याय लिहून ते अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले, आणि साठांहून अधिक अध्याय स्वतः रचिले. गेलेल्या माणसाचे अपुरे काम हाती घेणे हा त्यांचा शोक करण्याचा प्रकार होता. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, तो पाहावयास त्या नव्हत्या. त्याआधी मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. १९३४ पासून स्मृतिचित्रे या नावाने त्या भागशः निघाल्या, आणि मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी बाई निवर्तल्या.

लक्ष्मीबाईंच्या वेळी खिन्नतेवर औषध नव्हते. पहिली खरी औषधे १९५० नंतरच्या दशकात निघाली. आज ती सरकारी दवाखान्यांतून मिळतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर असतात, आणि आरंभी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस विचारले तरी चालते. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या दोन ते चार आठवड्यांनी गुण दाखवू लागतात, म्हणून आठवड्यात काही झाले नाही असे म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणजेही डॉक्टरांस न विचारता थांबवू नयेत. औषधाबरोबर, व सौम्य आजारात कित्येकदा औषधावाचूनही, शिकलेल्या समुपदेशकाशी नेमाने बोलण्याने पुष्कळांस उतार पडतो. १४४१६ या क्रमांकावर सरकारने २०२२ साली विनामूल्य सेवा सुरू केली आहे. तेथे मराठीत बोलता येते, रात्रीबेरात्रीही.

आमच्या उपदेशकबंधूंस आणखी एक सांगणे आहे. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा दूताने त्यास आधी प्रवचन दिले नाही. त्यास झोपू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. प्रवास दूरचा आहे हे त्यानंतर. आजाऱ्याच्या घरी गेल्यावर बोलणे थोडे ठेवावे व ऐकावे. मनात मरणाचे विचार येतात काय, असे सरळ विचारावयास भिऊ नये. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट कोणी तरी विचारले याने माणूस हलका होतो. उत्तर होय असे आले, तर त्यास एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, आणि घरात शेतीचे फवारणीचे औषध असेल तर ते कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावे. आमच्या जिल्ह्यात उसाच्या व सोयाबीनच्या शेतीमुळे ते औषध घरोघर, हाताशी असते. एका वाईट तासात ते हाताशी नसणे, याने जीव वाचतात.

आता वाडीतल्या त्या बाईविषयी. तिला आम्ही वाचविले नाही. तिच्या सासूने वाचविले. सासू लिहावाचावयास शिकलेली नव्हती, पण बाळंतिणीस असे होते हे तिने आपल्या बहिणीच्या बाबतीत पाहिले होते. आम्ही परतल्यावर चार दिवसांनी तिने सुनेस डॉक्टरकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही, आणि घरातील पुरुषमंडळी कुरकुरू लागली, पण सासू ठाम राहिली. तिने मुलाचे रात्रीचे जागरण आपल्याकडे घेतले, सुनेस झोपू दिले, आणि रोज संध्याकाळी तिला बरोबर घेऊन ओढ्यापर्यंत चालत जाण्याचा नेम ठेविला. दोघी फारसे बोलत नसत म्हणे.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा आमच्या पिशवीत स्मृतिचित्रे होते. त्या बाईने ते ठेवून घेतले. पुढच्या खेपेस अंगणात पाऊल टाकतो तो आतून मोठ्याने वाचण्याचा आवाज येत होता. सून वाचीत होती, सासू मुलास मांडीवर घेऊन ऐकत होती. लक्ष्मीबाईंचे वडील बाजारातून आलेल्या वस्तू धुवावयास लावतात तो भाग चालला होता. आमच्याकडे लक्ष जाण्याआधीच दोघींस हसू आवरेना, आणि मूल दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होते.